तीन वेळा गादीवर बसलेला जावाचा सुलतान

दुसरा हामेंगकुबुवोनो हा मध्य जावातील योग्यकर्ता संस्थानाचा सुलतान १७९२, १८११ आणि १८२६ अशा तीन वेळा गादीवर बसला. पहिल्या दोन वेळा परक्यांनी त्याला गादीवरून खाली खेचले. तिसऱ्या वेळी परक्यांनीच त्याला हद्दपारीतून परत आणले आणि गादीवर असतानाच त्याचा मृत्यू झाला. डच ईस्ट इंडिया कंपनी, नेपोलियनच्या दबावाखालचे डच सरकार, ब्रिटिश ईस्ट इंडिया कंपनी आणि पुन्हा डच सरकार अशा चार सत्तांशी त्याची गाठ पडली. जावातील राजेशाही नावापुरती कशी उरत गेली, हे या एका आयुष्यात जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच दुसरीकडे दिसेल.

त्याचा जन्म ७ मार्च १७५० रोजी, धामधुमीच्या काळात झाला. मातारामच्या राज्यात वारसायुद्ध पेटले होते आणि त्याचे वडील राजपुत्र मांगकुबुमी हे डचांविरुद्ध आणि त्यांच्या पाठिंब्यावर टिकलेल्या राजाविरुद्ध लढत होते. फौजेबरोबर राजपुत्राचे कुटुंबही फिरत असे. हा मुलगा सुंदोरो ज्वालामुखीच्या उतारावर जन्मला, म्हणून त्याचे नाव रादेन मास सुंदोरो पडले. १३ फेब्रुवारी १७५५ रोजी गियांतीचा तह झाला आणि मातारामचे दोन तुकडे झाले. सुराकार्ता पाकुबुवोनो घराण्याकडे राहिले. दुसरा भाग मांगकुबुमीला मिळाला. त्याने योग्यकर्ता ही राजधानी वसवली आणि पहिला हामेंगकुबुवोनो म्हणून तो गादीवर बसला. जावाचा उत्तर किनारा डच कंपनीच्या ताब्यात होता आणि त्याच्या मोबदल्यात कंपनी दरसाल ठरलेली रक्कम दोन्ही दरबारांना देत असे. ही रक्कम भाडे आहे, आपण मालक आहोत आणि कंपनी कूळ आहे, असेच योग्यकर्त्याचे राजे मानत. पुढच्या सगळ्या संघर्षाची बीजे या समजुतीत आहेत.

युवराज असतानाच सुंदोरोचा स्वभाव दिसू लागला. क्राटोनच्या, म्हणजे राजवाड्याच्या, उत्तरेला तोफेच्या टप्प्यात डचांनी किल्ला बांधायला घेतला होता. त्यासाठी मजूर आणि साहित्य दरबाराने पुरवायचे होते. हे काम वर्षानुवर्षे रेंगाळत राहिले. उलट १७८५ नंतर युवराजाच्या देखरेखीखाली क्राटोनभोवती जाड तटबंदी उभी राहिली. चार कोपऱ्यांना चार बुरूज, भोवती खंदक आणि आत येण्यासाठी पाच कमानदार दरवाजे असा हा कोट होता. आज योग्यकर्त्यात जाणारा प्रवासी ज्या कमानींतून जुन्या शहरात शिरतो, त्या याच कोटाच्या आहेत.

कोट बांधणाऱ्या या युवराजाला ग्रंथांचेही वेड होते. जावातील कालगणनेप्रमाणे १७७४ साली एक शतक संपत होते आणि शतकाच्या अखेरीस राज्ये लयाला जातात असा तिथला जुना समज होता. त्याच वर्षी युवराजाने ‘सेरात सुर्या राजा’ हा ग्रंथ सिद्ध केला. काल्पनिक राजकुमाराची कथा सांगत त्यात जावाच्या भवितव्याचे रूपक मांडले आहे. हा ग्रंथ आजही क्राटोनची पवित्र ठेव मानला जातो. महाभारताच्या कथांवर उभ्या असलेल्या वायांग नाट्यालाही त्याचा मोठा आश्रय होता. माणसांनी सादर करायच्या वायांगसाठी त्याने रचलेल्या ‘जयपुसाका’ या नाट्यात नायक भीम आहे. सुलतान मुसलमान होता, त्याच्या बिरुदावलीत ‘खलिफातुल्लाह’ हा शब्द होता आणि त्याचा आवडता वीर भीम होता. जावात यात कुणालाही विसंगती वाटत नसे.

मार्च १७९२ मध्ये वडील वारले आणि २ एप्रिलला तो सुलतान झाला. घरात सलोखा नव्हता. त्याची आई रातू अगेंग ही करारी आणि धर्मनिष्ठ स्त्री होती. मुलाच्या दरबाराचे वळण न पटल्याने ती राजधानीबाहेर तेगालरेजोला जाऊन राहिली आणि तिने आपला पणतू तिथेच वाढवला. हा पणतू म्हणजे पुढे डचांविरुद्ध पाच वर्षे लढलेला दिपोनेगोरो. राण्यांचे, मुलांचे आणि दिवाणांचे गट एकमेकांविरुद्ध उभे होते. कारभारावर सुलतानाचा हात कडक होता, पण घरातली ही फूट त्याला कधीच सांधता आली नाही. पुढे आलेल्या प्रत्येक परक्या सत्तेने नेमका तिचाच उपयोग करून घेतला.

१७९९ च्या अखेरीस डच कंपनी दिवाळखोरीत बुडाली आणि तिचा मुलूख डच सरकारकडे आला. हॉलंडवर तेव्हा फ्रेंचांचे वर्चस्व होते. पुढे नेपोलियनचा भाऊ लुई तिथे राजा झाला आणि त्याने हर्मन विलेम डेंडल्स या सेनापतीला गव्हर्नर जनरल म्हणून जावाला पाठवले. जानेवारी १८०८ मध्ये डेंडल्स तिथे पोचला. पश्चिमेच्या अन्येरपासून पूर्वेच्या पानारुकानपर्यंत सुमारे हजार किलोमीटरचा रस्ता त्याने वेठबिगारीवर बांधून घेतला; त्यात कितीतरी मजूर दगावले. तो क्रांतीच्या काळात वाढलेला होता. जावातील राजे त्याच्या लेखी मांडलिक होते आणि त्यांनी तसेच वागावे असा त्याचा आग्रह होता.

२८ जुलै १८०८ रोजी त्याने दरबारी शिष्टाचाराविषयी हुकूम काढला. तोवर डच रेसिडेंट सुलतानापुढे आला की टोपी काढत असे, खालच्या आसनावर बसत असे आणि सुलतानाला विडा देण्याचा मान सांभाळत असे. नव्या हुकमाने रेसिडेंटला ‘मंत्री’ ही पदवी मिळाली. तो आता डच राजाचा प्रतिनिधी होता. त्याने टोपी काढायची नव्हती आणि विडाही द्यायचा नव्हता. त्याच्या डोक्यावर राजचिन्हाची सोनेरी छत्री धरली जाणार होती. सुलतानाने उठून त्याचे स्वागत करायचे आणि आपल्याच उंचीच्या आसनावर शेजारी बसवायचे होते. वाटेत दोघांच्या गाड्या समोरासमोर आल्या, तरी रेसिडेंटने गाडी थांबवायची नव्हती.

हा मानापमानाचा पोरखेळ होता असे मानणे चूक ठरेल. मराठी वाचकाला छत्र, चामर आणि अब्दागिरी यांचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. जावात आसनाची उंची आणि छत्रीचा रंग ही सत्तेची लेखी सनद होती. सुलतानाशेजारी समान आसनावर परका बसलेला ज्या दिवशी लोकांनी पाहिला, त्या दिवशी मुलखाचा धनी बदलला हे त्यांना कुणी सांगावे लागले नसते. सुराकार्ताच्या चौथ्या पाकुबुवोनोने हा हुकूम निमूटपणे मान्य केला. योग्यकर्त्याच्या सुलतानाने मात्र आपल्या आसनाखाली लाकडी चौरंग बसवून घेतला, म्हणजे रेसिडेंट शेजारी बसला तरी सुलतान थोडा वरच राहील. बोटभर उंचीसाठी केलेला हा खटाटोप सार्वभौमत्व सोडायला दिलेला नकार होता.

प्रत्यक्ष ठिणगी पडली ती पूर्वेकडच्या सागाच्या जंगलांच्या भागात. मादियुनचा प्रमुख अंमलदार रादेन रांगा हा सुलतानाचा जावई होता आणि डचांच्या वाढत्या मागण्यांना त्याचा उघड विरोध होता. सरहद्दीवरच्या दंग्यांचे निमित्त करून डेंडल्सने त्याला आपल्या हवाली करायला सांगितले. नोव्हेंबर १८१० मध्ये रांगाने बंड पुकारले. सुलतानाला त्याच्याविरुद्ध स्वतःचीच फौज पाठवावी लागली आणि १७ डिसेंबरला सोलो नदीकाठी सेकारान येथे रांगा मारला गेला. त्याचा मुलगा सेंतोत पुढे दिपोनेगोरोच्या घोडदळाचा नावाजलेला सरदार झाला.

बंड मोडले तरी डेंडल्स सुमारे ३,२०० सैनिक घेऊन योग्यकर्त्यावर चालून आलाच. ३१ डिसेंबर १८१० रोजी त्याने सुलतानाला पदच्युत करून युवराजाच्या हाती कारभार दिला. पुढच्या महिन्यातल्या तहाने किनाऱ्याचे भाडे कायमचे बंद झाले. म्हणजे डच कूळ आणि आपण मालक ही जुनी समजूतही कागदोपत्री संपली. मात्र डेंडल्सने जुन्या सुलतानाला क्राटोनमध्येच राहू दिले. लोक त्याला सुलतान सेपुह, म्हणजे थोरले सुलतान, म्हणू लागले आणि दरबारातली निम्मी माणसे त्याच्याच शब्दात राहिली.

आठ महिन्यांत चित्र पालटले. ४ ऑगस्ट १८११ रोजी ब्रिटिश फौज बटावियाजवळ, आजच्या जकार्ताजवळ, उतरली. हिंदुस्थानातून निघालेली ही मोहीम गव्हर्नर जनरल लॉर्ड मिंटोने आखली होती आणि तो स्वतः तिच्याबरोबर जावात आला होता. सुमारे बारा हजारांच्या या सैन्यात जवळपास निम्मे हिंदी शिपाई होते. १८ सप्टेंबरला डचांनी शरणागती पत्करली आणि थॉमस स्टॅमफोर्ड रॅफल्स जावाचा लेफ्टनंट गव्हर्नर झाला. या गोंधळात थोरल्या सुलतानाने संधी साधली. डचांशी आणि युवराजाशी संगनमत केल्याचा ज्याच्यावर राग होता, त्या दानुरेजा या दिवाणाचा त्याने ऑक्टोबरच्या अखेरीस गळा दाबून वध करवला आणि नोव्हेंबरमध्ये तो पुन्हा गादीवर बसला. मुलगा परत युवराज झाला. या वधाचे समर्थन करता येत नाही. राजकारण म्हणूनही ती घोडचूक होती, कारण आता जीव वाचवण्यासाठी युवराजाला इंग्रजांशी गुप्त बोलणी करण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

डच गेल्याने आपण मोकळे झालो अशी सुलतानाची कल्पना होती. डिसेंबर १८११ मध्ये रॅफल्स योग्यकर्त्याला आला तेव्हा ती किती पोकळ आहे हे कळले. भेटीच्या वेळी पुन्हा आसनांवरूनच वाद पेटला. सुलतानाचे सिंहासन वर आणि रॅफल्सचे आसन खाली, ही मांडणी इंग्रजांनी मानली नाही. हमरीतुमरी झाली, जावातील सरदारांनी क्रिस, म्हणजे खंजीर, म्यानाबाहेर काढले आणि इंग्रज अधिकाऱ्यांचे हात तलवारींवर गेले. त्या दिवशी रक्तपात टळला. २८ डिसेंबरच्या तहाने रॅफल्सने त्याला सुलतान म्हणून मान्यता दिली, पण ब्रिटिशांचे वर्चस्व लिहून घेतले. जवळ पुरेसे सैन्य नव्हते म्हणून मिळालेली ही सवड होती. रेसिडेंट जॉन क्रॉफर्डला हा सुलतान मुळीच नको होता. पुण्यात त्याच वर्षी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन पेशव्यांच्या दरबारी रेसिडेंट म्हणून आला होता. कंपनी एकच होती आणि तिची पद्धतही दोन्हीकडे एकच होती: आधी तह, मग घरातल्या असंतुष्टांशी संधान आणि मग फौज.

दरम्यान सुराकार्ताचा पाकुबुवोनो आणि योग्यकर्त्याचा सुलतान यांच्यात गुप्त खलिते सुरू झाले. सुराकार्ताचा हेतू सरळ नव्हता. सुलतान इंग्रजांशी भिडून संपला तर आपलाच फायदा, असा तिथला हिशेब होता. इंग्रजांना या पत्रव्यवहाराचा सुगावा लागला. कर्नल रॉबर्ट रोलो गिलेस्पी पालेमबांगच्या मोहिमेवरून जूनच्या सुरुवातीला परतताच रॅफल्सने हल्ल्याचा निर्णय घेतला. १८०६ मध्ये वेल्लोरच्या शिपायांचा उठाव निर्दयपणे मोडणारा गिलेस्पी तो हाच. १८१४ मध्ये डेहराडूनजवळ गुरख्यांच्या कलुंगा गढीवर चाल करताना तो मारला गेला.

१८ जून १८१२ पासून दोन दिवस डचांच्या जुन्या किल्ल्यातून क्राटोनवर तोफा चालल्या. २० जूनला पहाटे हल्ला झाला. हल्लेखोर जेमतेम दोन हजारांच्या घरात होते. त्यात गोऱ्या पलटणी होत्या, बंगालचे शिपाई होते आणि जावातल्याच मांगकुनेगारान या धाकट्या संस्थानाची पलटण होती. आतले सैन्य कितीतरी पटींनी मोठे होते. पण घरात एकजूट नव्हती. युवराज आणि त्याची माणसे लढायच्या मनःस्थितीत नव्हती. बांबूच्या शिड्या लावून शिपाई तटावर चढले. ईशान्येचा बुरूज दारूच्या स्फोटात उडाला. सुलतानाचा सेनापती आणि जावई सुमोदिनिंगरात लढता लढता पडला. दिवस वर येईपर्यंत सगळे संपले होते. इंग्रजांचे २३ जण मारले गेले. आग्नेय आशियात एखाद्या राजधानीचा राजवाडा युरोपीय सत्तेने असा हल्ला करून जिंकल्याची उदाहरणे फार थोडी आहेत.

त्यानंतरचे चार दिवस लुटीचे होते. पहिल्या सुलतानाचा मुलगा पानुलार हा या सगळ्याचा साक्षीदार होता. त्याने पद्यरूपात लिहिलेली बखर आज उपलब्ध आहे आणि जावाच्या बाजूने ही घटना सांगणारे ते सर्वांत महत्त्वाचे साधन आहे. सुमारे आठ लाख स्पॅनिश डॉलरांचा खजिना गेला. त्यातला मोठा वाटा अधिकारी आणि सैनिक यांनी बक्षिसाची रक्कम म्हणून आपसात वाटून घेतला. धनाहून मोठी हानी ग्रंथांची झाली. दरबाराचे ग्रंथालय, हिशेबाची दप्तरे आणि जमिनीची कागदपत्रे असे सगळे गाड्यांवर आणि हमालांच्या डोक्यावरून वाहून नेले गेले. रॅफल्स, क्रॉफर्ड आणि कर्नल कॉलिन मॅकेंझी यांच्या संग्रहांत त्यांची वाटणी झाली. दक्षिण हिंदुस्थानातील शिलालेख आणि कैफियती जमवणारा सर्वेक्षक म्हणून आपल्याकडचे अभ्यासक ज्याला ओळखतात, तोच हा मॅकेंझी.

सुलतानाला कैद करून पेनांगला पाठवण्यात आले. युवराज तिसरा हामेंगकुबुवोनो म्हणून गादीवर बसला आणि १ ऑगस्टच्या तहाने त्याने केदू, पाचितान आणि पूर्वेकडचे बरेच मुलूख इंग्रजांना दिले. जकातनाकेही गेले आणि फौज तोडण्यात आली. इंग्रजांना मदत करणारा सुलतानाचा सावत्र भाऊ नाताकुसुमा याला पाकू आलाम ही पदवी आणि स्वतंत्र जहागीर मिळाली. योग्यकर्त्याच्या राज्याचेही असे दोन भाग झाले.

क्राटोन जिंकणाऱ्या हिंदी शिपायांची पुढची हकीकत फारशी सांगितली जात नाही. बंगालचे जे शिपाई मध्य जावात तैनात राहिले, त्यांनी प्रांबानानची शंकर, विष्णू आणि ब्रह्मदेव यांची भग्न मंदिरे पाहिली. हा मुलूख कधीकाळी आपल्याच धर्माचा होता हे त्यांच्या मनात ठसले. जावा डचांना परत जाणार आणि आपल्याला इथेच टाकून देणार अशी वदंताही पसरली होती. १८१५ मध्ये काही शिपायांनी सुराकार्ताच्या पाकुबुवोनोशी संधान बांधून ब्रिटिश अधिकाऱ्यांना मारण्याचा कट रचला. कट फुटला आणि पुढाऱ्यांना मृत्युदंड झाला. १८५७ च्या चार दशके आधी, परक्या बेटावर, हिंदी शिपाई आणि जावाचा राजा एका बेतात सामील झाले होते ही गोष्ट दोन्ही देशांच्या इतिहासात अधिक ठळकपणे यायला हवी.

हद्दपार सुलतान १८१५ मध्ये पेनांगहून परत आणला गेला, पण तोवर त्याचा मुलगा वारला होता आणि दहा वर्षांचा नातू गादीवर होता. १८१६ मध्ये डचांनी जावा पुन्हा ताब्यात घेतले. हा म्हातारा राजधानीजवळ असणे त्यांनाही परवडणारे नव्हते, म्हणून १८१७ मध्ये त्याला दूर पूर्वेला मोलुक्का बेटांतल्या अंबोनला धाडण्यात आले. तिथून पुढे त्याला सुराबायाला हलवले गेले. १८२२ मध्ये नातूही वारला आणि तीन वर्षांचा पणतू सुलतान झाला. इंग्रजांनी घेतलेले जकातनाके डचांकडे आले होते आणि मक्त्याने चालत होते. ओझे घेऊन बाजाराला निघालेल्या शेतकऱ्याची नाक्यानाक्यावर अडवणूक होई. गोऱ्या मळेवाल्यांनी जमिनी भाड्याने घेतल्या होत्या. पीक बुडत होते, पटकीची साथ आली होती, १८२२ च्या अखेरीस मेरापी ज्वालामुखीचाही उद्रेक झाला. जुलै १८२५ मध्ये दिपोनेगोरोने शस्त्र उचलले आणि त्याच्या फौजांनी योग्यकर्त्याला वेढा घातला.

दिपोनेगोरो या नातवाच्या युद्धाने आजोबांना तिसऱ्यांदा गादी मिळवून दिली. बंडखोरांत फूट पडेल आणि जुन्या सुलतानाच्या नावाने सरदार परत येतील या आशेने डचांनी १८२६ मध्ये त्याला सोडले आणि सप्टेंबरात योग्यकर्त्यात आणून बसवले. तो तेव्हा ७६ वर्षांचा होता. आसनाच्या बोटभर उंचीसाठी भांडलेल्या माणसाच्या भोवती आता डच पहारा होता. डचांचा डाव फसला. दिपोनेगोरोला मानणाऱ्या लोकांनी या सुलतानाच्या शब्दाला भुलून शस्त्रे खाली ठेवली नाहीत. ३ जानेवारी १८२८ रोजी तो वारला. मातारामच्या राजांची दफनभूमी इमोगिरीच्या टेकडीवर आहे, पण तो भाग युद्धाच्या धामधुमीत होता, म्हणून त्याला कोटागेदे येथे पुरण्यात आले. युद्ध आणखी दोन वर्षे चालले. २८ मार्च १८३० रोजी वाटाघाटीसाठी मागेलांगला बोलावून डचांनी दिपोनेगोरोला पकडले. तोवर सुमारे दोन लाख जावावासी मृत्युमुखी पडले होते.

हा सुलतान तापट होता, संशयी होता आणि आपल्याच मुलाला त्याने शत्रूच्या गोटात ढकलले. पण जावातला दुसरा कोणताही राजा त्या काळात डेंडल्स आणि रॅफल्स या दोघांनाही तोंडावर नाही म्हणाला नाही. त्याच्या पाडावानंतर योग्यकर्त्याच्या कोणत्याही सुलतानाला परक्याशी सैन्याच्या बळावर बोलता आले नाही.

२०१९ मध्ये ब्रिटिश लायब्ररीने १८१२ च्या लुटीतील ७५ हस्तलिखितांच्या डिजिटल प्रती दहाव्या हामेंगकुबुवोनोला सुपूर्द केल्या. मूळ हस्तलिखिते लंडनमध्येच आहेत. ती योग्यकर्त्याला परत जायला हवीत.